दोन किलोबाइटच्या घरात दशांश चिन्ह : छोट्या यंत्रांची छोटी सी लायब्ररी

आज आपण छोट्या यंत्रांच्या पोटात असलेल्या लायब्ररीची ओळख करून घेणार आहोत. वाचनालयाची नव्हे, प्रोग्रामिंगची. विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण सुरुवात कापसापासून आहे, तेव्हा लगेच पान बदलू नका.

दिवाळीच्या मागेपुढे वेचणी जोरात आली की आपल्या अमरावती-अकोल्याकडे कितीतरी घरांत एक खोली कापसानं भरून जाते. भाव वाढेल म्हणून वाट पाहायची असते. तोवर कापूस हवेतला ओलावा पीत राहतो. आमच्या सातवी-आठवीच्या मुलांनी ठरवलं की त्या खोलीतला दमटपणा दाखवणारं यंत्र बनवायचं. सामान साधंच: एक अर्डुइनो उनो बोर्ड, एक डीएचटी-२२ सेन्सर आणि दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत १६ अक्षरं मावणारा एलसीडी पडदा. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांतल्या मुलांना हे सामान ओळखीचं असेल. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी सुरू आहे.

जोडणी झाली. प्रोग्राम बोर्डवर चढला. पडद्यावर दमटपणाच्या पुढे आकडा यायला पाहिजे होता, तिथं आलं प्रश्नचिन्ह.

"मॅडम, ह्ये प्रश्नचिन्ह काहून दाखवून रायलं?"

खरं सांगते, मलाही कळलं नाही. आधी तारा तपासल्या. मग सेन्सर बदलला. मग केबल. अर्धी तासिका गेली. शेवटी एका मुलीनं आकडा एलसीडीऐवजी सरळ संगणकाच्या सिरियल मॉनिटरवर पाठवला, तर तिथे स्वच्छ ६५.२० दिसलं. म्हणजे सेन्सर चांगला, पडदाही चांगला, आकडासुद्धा बरोबर. मग मधल्या वाटेत तो हरवला कुठे? हा मधला रस्ता म्हणजेच आजचा आपला पाठ.

(आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. प्रोग्राममध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायची असतात.)

लायब्ररी म्हणजे समाजमंदिरातली भांडी

गावात लग्न निघालं की प्रत्येक घर काही स्वतःचा पन्नास लिटरचा गंज विकत घेत नाही. समाजमंदिरात भांडी असतात, ती मागून आणायची. प्रोग्रामिंगचंही तसंच. दोन शब्द जोडणे, वर्गमूळ काढणे, आकड्याचं अक्षरांत रूपांतर करणे, ही कामं सगळ्यांनाच लागतात. ती एकदाच नीट लिहून ठेवली आणि सगळ्यांनी वापरली, तर त्या साठ्याला लायब्ररी म्हणतात. सी भाषेसोबत कोणती भांडी असलीच पाहिजेत हे ठरलेलं आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅबमध्ये १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ही भाषा घडवली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं भाषेचं आणि तिच्या लायब्ररीचं मानक प्रसिद्ध केलं. म्हणून तिला 'स्टँडर्ड' म्हणजे प्रमाण लायब्ररी म्हणायचं.

आता अडचण पाहा. लिनक्सच्या संगणकावर बहुधा जी लायब्ररी असते तिचं नाव ग्लिबसी. तिची मुख्य फाइलच साधारण दोन मेगाबाइटची. संगणकाला त्याचं काही वाटत नाही. पण आपल्या उनो बोर्डवरच्या एटीमेगा-३२८पी या चिपमध्ये प्रोग्राम ठेवायला जागा आहे फक्त ३२ किलोबाइट, आणि काम करताना वापरायची रॅम आहे २ किलोबाइट, म्हणजे २०४८ बाइट. तुमच्या घरी ४ जीबी रॅमचा मोबाइल असेल, तर त्याची रॅम या बोर्डच्या वीस लाख पटींहून जास्त आहे. दोन मेगाबाइटची लायब्ररी त्या ३२ किलोबाइटच्या चिपमध्ये ठेवायची म्हटलं तर असे ६४ बोर्ड लागतील, तेही नुसती भांडी ठेवायला. स्वयंपाक वेगळाच.

मानक लिहिणाऱ्यांना याची कल्पना होती. त्यांनी दोन प्रकारची घरं मानली. एक होस्टेड, म्हणजे जिथे ऑपरेटिंग सिस्टिम यजमान म्हणून हजर आहे. तिथे पूर्ण लायब्ररी द्यायचीच. दुसरं फ्रीस्टँडिंग, म्हणजे प्रोग्राम एकटाच, वर कोणी नाही; तिथे १९८९ च्या मानकात जेमतेम चार हेडर सक्तीची होती, बाकी सगळं ऐच्छिक. वॉशिंग मशीन, विजेचं मीटर, आपला दमटपणाचा डबा, हे सगळे या दुसऱ्या घरातले.

पण ऐच्छिक आहे म्हणून कोणी दिलंच नाही तर प्रत्येकाला सगळं हातानं लिहावं लागेल. म्हणून मधला मार्ग निघाला: प्रमाण लायब्ररीच, पण शिदोरीसारखी बांधलेली. वावरात जाताना आपण अख्खं स्वयंपाकघर नेत नाही. भाकर, ठेचा, कांदा फडक्यात बांधतो. उनो बोर्डच्या शिदोरीचं नाव एव्हीआर-लिबसी. एव्हीआर हे त्या चिपच्या घराण्याचं नाव. अर्डुइनोचं सॉफ्टवेअर टाकलं की ती आपोआप सोबत येते, म्हणून बहुतेकांना ती आहे हेच माहीत नसतं. मलाही त्या प्रश्नचिन्हानंतरच कळलं.

प्रिंटएफचा गंज

समाजमंदिरातून आपण लागतील तेवढीच भांडी उचलतो. प्रोग्रामचंही तसंच होतं. लिंकर नावाचा कारभारी पाहतो की तुम्ही कोणकोणती फंक्शनं बोलावली, आणि तेवढीच बोर्डवर पाठवतो. वर्गमूळ वापरलं नाही तर वर्गमूळ येत नाही. मग लायब्ररी केवढीही असो, बिघडलं कुठं?

बिघडतं ते प्रिंटएफजवळ. हे फंक्शन म्हणजे आकडे आणि शब्द साच्यात बसवून छापणारा कारकून. साच्यात 'टक्के-डी' लिहिलं की पूर्णांक, 'टक्के-एस' लिहिलं की शब्द, 'टक्के-एफ' लिहिलं की दशांश अपूर्णांक. त्याचंच भावंड एसप्रिंटएफ. ते छापण्याऐवजी अक्षरांच्या रांगेत भरून ठेवतं. उनोवर साधा प्रिंटएफ वापरला तर काहीच दिसत नाही, कारण अक्षरं कोणत्या पडद्यावर टाकायची हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मुलं एसप्रिंटएफनं ओळ तयार करतात आणि मग एलसीडीला देतात.

आता नीट लक्ष द्या. साचा हा प्रोग्राम चालू असताना वाचला जातो. लिंकरचं काम त्याच्या कितीतरी आधी संपलेलं असतं. साच्यात टक्के-एफ येणार की नाही हे लिंकर कसं ओळखणार? त्याला ओळखता येत नाही. म्हणून तो प्रिंटएफ मागितला की प्रिंटएफला येणारी सगळी विद्या एकत्र पाठवतो. एक गंज मागितला तर झाकण, झारा, तिवई सगळं एका दोरीत बांधून आलं, तसं. आणि त्यातलं सगळ्यात जड भांडं म्हणजे दशांश छापणं. पूर्णांक छापायला दहानं भागत जायचं, बाकी लिहीत जायची, झालं. दशांशाचं तसं नाही. तो चार बाइटांत द्विमान पद्धतीनं, घातांकासकट साठवलेला असतो. त्याचे दशमान अंक काढणं, शेवटचा अंक जवळच्याकडे वळवणं, अनंत किंवा 'आकडाच नाही' अशा किमती ओळखणं, हे सगळं आलं. शिवाय या चिपमध्ये दशांशाचं गणित करणारा वेगळा भागच नाही. सगळं सॉफ्टवेअरनं करायचं.

म्हणून एव्हीआर-लिबसी बनवणाऱ्यांनी प्रिंटएफचे तीन अवतार ठेवले. सर्वांत लहान अवतारात साधे पूर्णांक आणि शब्द. मधल्या अवतारात दशांश सोडून सगळं. मोठ्या अवतारात दशांशही. काही न सांगता मिळतो तो मधला. मोठा घेतला तर प्रोग्रामची सुमारे दीड किलोबाइट जागा जास्त जाते. ३२ मधून दीड म्हणजे थोडं वाटेल, पण याच घराण्यात ८ किलोबाइटच्या, २ किलोबाइटच्या चिपासुद्धा आहेत. २ मधून दीड गेले तर उरलं काय?

आणि मधल्या अवतारासमोर टक्के-एफ आलं तर तो काय करतो? तो प्रश्नचिन्ह छापतो. आमच्या पडद्यावरचं ते प्रश्नचिन्ह बिघाडाचं नव्हतंच. "हे काम माझ्याकडे नाही" असं लायब्ररी सांगत होती.

मला हे वागणं प्रामाणिक वाटतं. कारण दुसरीकडे असं होत नाही. एआरएम जातीच्या छोट्या चिपांसाठी न्यूलिब-नॅनो नावाची लायब्ररी वापरतात. तिथेही दशांश छापणं मुद्दाम बाहेर ठेवलेलं असतं, हवं असेल तर लिंकरला वेगळं सांगावं लागतं. सांगितलं नाही तर आकड्याच्या जागी काहीच येत नाही, नुसती रिकामी जागा. रिकाम्या जागेकडे पाहून माणूस तारच तपासत बसतो.

मग सिरियल मॉनिटरवर ६५.२० कसं आलं? तिथे मुलीनं अर्डुइनोची स्वतःची प्रिंट ही आज्ञा वापरली होती. ती प्रिंटएफच्या वाटेनं जातच नाही. तिच्याकडे दशांश छापायची स्वतःची छोटी युक्ती आहे आणि न सांगता ती टिंबापुढे दोन अंक दाखवते. म्हणून ६५.२ चं ६५.२० झालं.

"तुया यंत्रात टिंबाच्या मागचं दिसते काय?"

दुसऱ्या दिवशी एका मुलानं उपाय करून आणला. त्यानं दशांशाला पूर्णांकात टाकलं आणि टक्के-डीनं छापलं. प्रश्नचिन्ह गेलं, ६५ आलं. वर्गात टाळ्या झाल्या. पण त्या मुलाचे आबाजी शाळेत आले होते, त्यांनी डबा हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "तुया यंत्रात टिंबाच्या मागचं दिसते काय रे?"

आबाजींनी हे का विचारलं ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी सांगते. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या हमीभाव खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्के धरून पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्क्यानं कमी होतो. १२ टक्क्यांच्या वर गेला तर तो कापूस घेत नाहीत. आता २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. त्याचा एक टक्का म्हणजे ८१ रुपये १० पैसे. समजा ओलावा १०.१ आहे आणि एखाद्या यंत्रानं वर ओढून ११ दाखवला, तर ०.९ टक्क्याचा फरक पडला: क्विंटलमागे जवळजवळ ७३ रुपये. २० क्विंटलची गाडी असेल तर १,४६० रुपये. १०.९ चा १० दाखवला तर तेवढेच पैसे उलट्या बाजूला. आणि १२.१ चं १२ झालं की नाही यावर तर गाडी खाली होणार की परत जाणार हे ठरतं.

इथे एक गोष्ट गोंधळू देऊ नका. कापसातला ओलावा वेगळा, खोलीतल्या हवेचा दमटपणा वेगळा. ओलावा मोजणारी यंत्रं बहुधा कापूस दाबून त्यातून वीज कितपत जाते हे पाहतात. कापूस ओला तितका विजेचा विरोध कमी. आमचा डबा फक्त हवा पाहतो. खरेदी केंद्रावर त्याचा काही उपयोग नाही, हे मुलांनाही सांगितलं. पण आबाजींचा प्रश्न दोन्हींना लागू पडतो. पूर्णांकात टाकताना सी भाषा जवळचा अंक पाहत नाही, टिंबामागचं सरळ कापते. ६५.९ चंही ६५ च होतं. अर्डुइनोची मॅप ही लोकप्रिय आज्ञासुद्धा पूर्णांकातच गणित करते आणि अपूर्णांक टाकून देते. प्रश्नचिन्ह निदान दिसत होतं. कापलेला दशांश दिसतही नाही.

पैशातला हिशोब

मग करायचं काय? मोठा अवतार जोडता येतो, पण अर्डुइनोच्या साध्या मेनूत त्याचं बटण नाही, आतल्या फाइली बदलाव्या लागतात. वर्गात हे नको. दुसरा उपाय सोपा: एव्हीआर-लिबसीतच डीटीओएसटीआरएफ नावाचं फंक्शन आहे. त्याला दशांश द्या, एकूण रुंदी द्या, टिंबानंतर किती अंक हवेत ते सांगा. ते अक्षरांची रांग करून देतं, ती टक्के-एसनं छापायची. हे मानकातलं फंक्शन नाही, त्यामुळे दुसऱ्या बोर्डवर ते असेलच असं नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात गणिताचा पाठ आहे. ६५.२ ऐवजी ६५२ साठवायचे. म्हणजे एकक टक्का नाही, दशांश टक्का. छापताना ६५२ ला १० नं भागून भागाकार ६५, मग टिंब, मग बाकी २. दोन्ही पूर्णांक, दोनदा टक्के-डी, दशांश छापण्याची गरजच नाही.

हे काही नवीन नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असत. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. जुने मुनीम दशांश चिन्हाशिवाय अख्ख्या जिनिंगचा हिशोब ठेवत. सगळ्यात लहान एकक धरा आणि पूर्णांकातच चाला, एवढंच त्यांचं तंत्र.

गंमत म्हणजे आमचा सेन्सरही तेच करत होता. डीएचटी-२२ बोर्डला ४० बिट पाठवतो: १६ दमटपणाचे, १६ तापमानाचे, ८ तपासणीचे. त्यातल्या दमटपणाच्या १६ बिटांत ६५.२ नसतो, ६५२ असतो. म्हणजे सेन्सरनं पूर्णांक दिला, सेन्सरच्या लायब्ररीनं त्याला दहानं भागून दशांश केला, तो दशांश प्रिंटएफला छापता आला नाही आणि आम्ही पुन्हा दहानं गुणून पूर्णांक केला. हे फळ्यावर मांडलं तेव्हा वर्ग हसत सुटला. (पुन्हा दहानं गुणताना ६५१.९९ असं काही येऊन शेवटचा २ चा १ होऊ नये म्हणून ०.५ मिळवून मग पूर्णांकात टाकावं.)

या युक्तीत एक खड्डा आहे. टिंबानंतर दोन अंक हवे असतील तर १०० नं भागायचं. समजा आकडा ६५०५ आहे. भागाकार ६५, बाकी ५. छापलं काय? ६५.५. पण खरं उत्तर ६५.०५. पासष्ट रुपये पाच पैसे लिहिताना आपण पाचाच्या आधी शून्य देतो, तसं इथेही साच्यात 'दोन घरं, रिकामं असेल तिथे शून्य' असं सांगावं लागतं. मधला प्रिंटएफ हे पाळतो. सर्वांत लहान अवतार मात्र ती सूचना वाचतो आणि सोडून देतो. म्हणून कोणता अवतार हाताशी आहे हे आधी पाहायचं.

अजून एक. पडद्यावर ६५.२ दिसलं म्हणजे तो .२ खरा असतोच असं नाही. या सेन्सरची दमटपणाची अचूकताच अधिक-उणे २ टक्क्यांच्या आसपास आहे. छापलेला अंक आणि मोजलेला अंक यांत फरक असतो, आणि हे कोणतीच लायब्ररी तुम्हाला सांगणार नाही.

'कापूस' किती अक्षरी?

मुलांना पुढे हौस आली की संदेश मराठीत हवेत. साहजिक आहे. मी विचारलं, 'कापूस' हा शब्द किती अक्षरी? उत्तर आलं, तीन. बरोबर. मग लायब्ररीच्या स्ट्रलेन फंक्शनला विचारलं. त्यानं सांगितलं, १५.

स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. क, काना, प, दीर्घ उकार, स ही पाच चिन्हं. पाच त्रिक पंधरा. 'अमरावती'चे २१ बाइट, 'अकोला'चे १५. मोठ्या संगणकावरच्या लायब्ररीत रुंद अक्षरांची, वेगवेगळ्या भाषांची सोय असते. एव्हीआर-लिबसीच्या शिदोरीत ती नाही.

आणि इथे २०४८ बाइटांची रॅम आठवा. या चिपमध्ये प्रोग्रामची जागा आणि रॅम वेगवेगळ्या आहेत, आणि साध्या पद्धतीनं लिहिलेला प्रत्येक संदेश सुरुवातीलाच रॅममध्ये उतरवला जातो. 'ओलावा जास्त आहे' या संदेशाला मोकळ्या जागांसह ४१ बाइट आणि शेवटचा एक शून्य बाइट, असे ४२ लागतात. असे ४८ संदेश लिहिले की २०१६ बाइट संपले. प्रोग्रामला श्वास घ्यायला ३२ बाइट उरले. मग बोर्ड मध्येच पुन्हा सुरू होतो, नाहीतर भलतंसलतं छापतो, कारण वरून आडवणारी ऑपरेटिंग सिस्टिमच नाही. यावर उपाय लायब्ररीतच आहे: संदेश प्रोग्रामच्याच जागेत ठेवून तिथूनच वाचणारी खास फंक्शनं एव्हीआर-लिबसीत आहेत, आणि अर्डुइनोत संदेशाभोवती मोठ्या लिपीतला एफ आणि कंस लावला तरी काम होतं.

एलसीडीचं दुःख वेगळंच. या पडद्यात देवनागरी नाहीच. स्वतः ठिपके भरून नवीन अक्षरं बनवता येतात, पण एका वेळी फक्त आठ. आठात 'कापूस' बसतो, 'सोयाबीन'ही बसतो, दोन्ही एकत्र बसवायला डोकं चालवावं लागतं. शिवाय ओळीत १६ अक्षरं असली तरी रांग १७ बाइटांची ठेवायची, कारण शेवटच्या शून्यालाही घर लागतं. हे विसरणारी मुलं दर वर्षी भेटतात.

बाकीची भावंडं

याच घराण्यातली इतर नावं थोडक्यात. न्यूलिब ही लायब्ररी सिग्नस नावाच्या कंपनीकडून आली. ईएसपी-८२६६ आणि ईएसपी-३२ या वायफाय असलेल्या बोर्डांवर हीच प्रामुख्यानं वापरली गेली. त्या बोर्डांवर टक्के-एफ चालतं, म्हणून उनोवर अडलेला प्रोग्राम तिथे मुकाट्यानं धावतो आणि मुलं म्हणतात, उनो खराब आहे. कीथ पॅकार्ड यांची पिकोलिबसी तर मिश्र घराणं: पाया न्यूलिबचा, छापण्याचा भाग एव्हीआर-लिबसीचा. घरातल्या वायफाय राउटरसारखी यंत्रं जरा मोठी. त्यांत छोटं लिनक्स असतं. त्यांच्यासाठी आधी यूक्लिबसी होती, आता ओपनडब्ल्यूआरटीसारख्या प्रणालीत २०११ साली आलेली मसल ही लायब्ररी आहे. ग्लिबसीच्या दोन मेगाबाइटांसमोर ती पाऊण मेगाबाइटाच्या आत बसते. मायक्रोपायथन वापरणाऱ्या शाळांनीही हे लक्षात ठेवावं: त्यातली लायब्ररी ही मोठ्या पायथनच्या प्रमाण लायब्ररीचा निवडक भाग आहे, सगळी नाही.

करून पाहा

उनो बोर्ड हाताशी असेल तर एसप्रिंटएफमध्ये टक्के-एफ टाकून ६५.२ छापा आणि प्रश्नचिन्ह स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग डीटीओएसटीआरएफ वापरून तोच आकडा आणा, आणि दोन्ही वेळा कंपायलरनं खाली दाखवलेली प्रोग्रामची जागा वहीत लिहा. बोर्ड नसेल त्यांनी आपल्या गावाचं नाव यूटीएफ-८ मध्ये किती बाइटांचं होतं ते काढावं. जोडाक्षर असेल तर हलन्ताचे तीन बाइट धरायला विसरू नये.

आणि आठवीच्या मुलांसाठी एक. अकोल्यात उणे तापमानाची काळजी नाही, पण समजा आपला डबा हिमाचलला नेला आणि तापमान उणे ०.५ झालं. आपल्या युक्तीत ते उणे ५ असं साठवलं. १० नं भागून भागाकार शून्य, बाकी उणे ५. पडद्यावर काय छापलं जाईल? ते दुरुस्त करण्यासाठी बाकीचं उणे चिन्ह काढून टाकलं, तर कोणती नवी चूक होईल? उत्तर कागदावर मांडा, मग बोर्डवर तपासा.